रेघ मारली म्हंजे पाह्यलं

माझ्या घरच्या गॅस सिलिंडरवर एक पांढरी रेघ आहे. रेग्युलेटरपासून खाली वॉल्व्हपर्यंत, ऑइल पेंटची, काडीएवढी जाड. तशीच मोटारसायकलच्या चाकांच्या नटांवर आहे, पाण्याच्या मोटरवर आहे, छतावरच्या टाकीच्या झाकणावरही आहे. सिंदी मेघेत आम्ही राहायला आलो तेव्हा बायको फार चिडायची. आता कुणी विचारलं की ती परस्पर सांगून टाकते, "यायले सवय हाय."

सवय खरं तर माझी नाही. ज्यांची होती त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. रोहण्यात, त्यांच्या गावात, आठ वर्षं ते नाव एका वाईट गोष्टीला जोडून घेतलं गेलं, आणि त्याला कारण मी होतो. सगळे त्यांना काका म्हणायचे, इथेही काकाच म्हणतो.

जाम गावच्या चौकापासून थोडं आत कापसाचं एक जिनिंग-प्रेसिंग होतं. डिप्लोमा करून मी तिथे लागलो तेव्हा तेविशीत होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. काका तिथले इलेक्ट्रिशियन. पन्नाशी उलटलेले, उंच, किडकिडीत. खाकी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारीक ब्रश, पँटच्या खिशात पेंटची चपटी डबी. ती डबी कधीमधी गळायची, त्यामुळे त्यांच्या सगळ्या पँटी उजव्या मांडीवर पांढऱ्या झालेल्या होत्या. दुरून येताना माणूस मांडीवरून ओळखू यायचा.

पहिल्या दिवशी ते मला प्रेसवर घेऊन गेले. रुईच्या गठाणी बांधायची ही प्रेस. तिला दोन लोखंडी पेट्या, मधल्या खांबाभोवती फिरणाऱ्या. एकीत रुई भरली जाते तेव्हा दुसरीत दाब बसतो, मग पेट्या अर्धा फेरा घेऊन जागा बदलतात. पेटी नेमकी किती फिरली हे यंत्राला कोण सांगतं? खांबाच्या टोकाला बसवलेला, चहाच्या पेल्याएवढा एक काळा डबा. त्याला एन्कोडर म्हणतात. त्याच्या आत एक काचेची चकती असते, चकतीवर केसाहून बारीक रेघा. दांडा फिरला की त्या रेघा उजेड अडवतात आणि सोडतात, आणि एन्कोडर ते मोजत राहतो. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. तसं मी काकांना ऐकवलंही.

काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सारं खरं हाय. पन मुख्य गोष्ट तुह्या पुस्तकात नाई. हा आंधया मानूस हाय. पावलं मोजत चालते. मोजता मोजता कोनं त्याले उचलून बाजूले ठेवलं, त तो तिथूनच पुढं मोजत राह्यते. आकडा बरोबर, जागा चूक."

खांबाचा दांडा आणि एन्कोडरचा दांडा जोडायला बोटभर लांबीचं एक कपलिंग होतं. एन्कोडरच्या बाजूने त्याला दोन बिनडोक्याचे पेच. नीट आवळले की ते दांड्याला चावतात. ढिले राहिले तर खांब फिरतो आणि एन्कोडर मागे राहतो. म्हणून काका पेच आवळून झाले की खांबाचा दांडा, कपलिंग आणि एन्कोडरचा दांडा अशा तिघांवरून एकच पांढरी रेघ ओढायचे. काही घसरलं की रेघ तुटलेली दिसते. रोज सकाळी प्रेस सुरू व्हायच्या आधी ते टॉर्च घेऊन शिडीवर चढत आणि रेघ बघून उतरत.

"त्याच्या पोटात हजारावर रेघा हायेत," ते म्हणाले, "वरून एक माह्यी."

आणि मग तो नियम, जो त्यांनी त्या दिवशी सांगितला आणि पुढे दर आठवड्याला सांगत राहिले: "रेघ मारली म्हंजे पाह्यलं. न पाह्यता रेघ मारनारा चोट्टा समजजो."

प्रेस बसवायला नागपूरहून आलेला इंजिनिअर त्या रेघेला हसला होता म्हणे. स्क्रीनवर अंशाच्या दशांशापर्यंत आकडा दिसतो, रेघ कशाला?  तो जेवायला बसला तेव्हा काकांनी त्याच्या मोटारगाडीच्या चारही चाकांच्या नटांवर रेघा मारून ठेवल्या. एका चाकाचे दोन नट ढिले निघाले, ते आवळून घेतले होते.

रेघेचं वेड फार लांबपर्यंत गेलेलं होतं. जेवणाच्या डब्यावर रेघ होती, झाकण आणि डबा मिळून. कुणी डबा उघडला तर कळावं म्हणून. प्रेसवरची माणसं मुद्दाम डबा उघडत, ठेच्याचं बोट चाटत आणि रेघ हुबेहूब जुळवून झाकण लावत. काका डबा समोर धरून बराच वेळ रेघ बघत, मग ठेचा बघत, मग आमच्याकडे बघत. "रेघ त बरोबर हाय," एवढंच म्हणत आणि जेवायला लागत. तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो.

दुसरं वेड याहून विचित्र. कामात कुणी मध्येच टोकलं आणि आपण काय करत होतो ते विसरलं, की काका हातातलं खाली ठेवून थेट कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत जात, फाटकाला हात लावत आणि परत येऊन पहिल्यापासून सुरू करत. भर उन्हातही. त्याचं कारण त्यांनी मला फार गंभीरपणे समजावलं होतं. एन्कोडर दोन जातींचे. एक इन्क्रिमेंटल, म्हणजे लाइट गेली की मोजलेलं सगळं विसरणारा. लाइट आली की यंत्राला आधी त्याच्या ठरलेल्या मूळ जागेवर न्यावं लागतं, मग शून्यापासून मोजणी. त्याला यंत्र घरी नेणं म्हणतात. दुसरा ॲब्सोल्यूट. लाइट जावो की येवो, आपण कुठे आहोत हे त्याला कायम ठाऊक.

"मी इन्क्रिमेंटल आहो," काका म्हणायचे. "लाइट गेली का सारं इसरतो. मले घरूनच सुरू करा लागते. आमची बायको मातर ॲब्सोल्यूट हाय. लग्नात तिच्या मावशीनं कोन्त्या रंगाचं लुगडं नेसलं होतं ते बी सांगते, अन् मी तिले का बोललो होतो ते बी."

समुद्रपूरकडे एका लग्नात आम्ही दोघे गेलो होतो. पंगतीत वाढणं चालू असताना लाइट गेली, आणि आली तेव्हा काका पानावर नव्हते. मांडवाच्या दारात जाऊन, खांबाला हात लावून, पुन्हा नवरदेवाच्या बापाला रामराम करून येत होते. त्या बिचाऱ्याने दुसऱ्यांदाही तितक्याच प्रेमाने मिठी मारली.

आता सुखदेवबद्दल सांगायला हवं. सांगायचं लांबणीवर टाकत होतो.

पेटी फिरून थांबली की पाच माणसं पुढे होत आणि पेटीच्या खाचांमधून लोखंडी पट्ट्या ओवत. त्या पाचांत सुखदेव होता. रोहण्याचाच, काकांच्या घरापासून चार घरं सोडून राहणारा. त्याला कामावर काकांनीच आणलं होतं. बोलणं कमी, हात भराभर चालणारा. ठेचा चाटण्यात पहिला.

प्रेसची एक खोड होती. पेटी खुणेच्या स्विचवर येऊन थांबायची, क्षणभराने एन्कोडरचा आकडा बघून स्वतःला नखभर पुढे सरकवून नीट करून घ्यायची, आणि मग खरी थांबायची. नियमाने त्या दुसऱ्या थांबण्यानंतर हात घालायचा. पण नखभर सरकण्याला कोण घाबरणार? हंगामात दिवसाला शेकड्याने गठाणी निघायच्या. पाचही जण पहिल्या थांबण्यालाच वाकू लागले होते. काका ओरडत, ते हसत. हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं.

त्या वर्षी ऐन हंगामात काका दोन दिवस रजेवर गेले, मुलीच्या साखरपुड्याला. जाताना टॉर्च माझ्या हातात दिला. ते गेले त्याच दिवशी दुपारी एन्कोडर बंद पडला. दुसरा कपाटात होता. मी शिडीवर चढलो, जुना काढला, नवा बसवला. पहिला पेच आवळला. दुसरा आवळताना माझी ॲलन-की, पेच फिरवायची सहाकोनी चावी, गोल गोल फिरायला लागली, तिचे कोपरे झिजलेले होते. चांगली चावी काकांच्या हत्यारांच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप. खाली कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, शेठ दर पाच मिनिटांनी फोन करणार. स्टोअरमध्ये शोधली असती तर दुसरी चावी मिळाली असती. एक पेच घट्ट कसला आहे, संध्याकाळी दुसरा बघू, असं म्हणून मी उतरलो. प्रेस सुरू झाली आणि झकास चालली. संध्याकाळी मी विसरलो. खरं लिहायचं तर विसरलो नाही, कंटाळलो.

रेघ मी मारली नव्हती. पेंटची डबी काकांच्या खिशात रोहण्याला गेलेली होती.

काका परत आले आणि सकाळी टॉर्च घेऊन शिडीवर चढले. वरूनच हाक आली, "रेघ कुठं हाय?"

"नवा बसवला, काका. पेंट नव्हता."

"कसलं?"

"कसलं."

"दोनी?"

मी खाली उभा होतो, रजिस्टर हातात. शेठचा माणूस शेजारी उभा राहून ऐकत होता. "दोनी," मी म्हणालो.

काकांनी खिशातून ब्रश काढला. वर्षभरात त्यांनी स्वतःच्या हाताने पेच चाचपल्याशिवाय रेघ मारल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मारली. का, ते मला आज कळतं. आदल्या आठवड्यातच ते चारचौघांत म्हणाले होते, "आता हा पोरगा तयार झाला, याच्या भरवशावर रजा घेतो." माणसावर एकदा भरवसा टाकला की तो चाचपून बघणं त्यांना अपमानाचं वाटलं असणार. माझ्या अपमानाचं.

पाच दिवसांनी, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास पेटी फिरली, थांबली आणि पाच जण वाकले. कपलिंग घसरलेलं होतं. खांब जागेवर पोचला होता, एन्कोडर मागे राहिला होता. यंत्राला वाटलं, आपण अजून पोचायचे आहोत. ते उरलेलं अंतर चालून गेलं. एरवी नखभर सरकणारी पेटी वीतभर सरकली. चौघांनी हात ओढून घेतले. सुखदेव कडेला होता, पेटी आणि प्रेसचा उभा खांब यांच्या मध्ये.

वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत होता.

त्या आवाजाबद्दल मी लिहिणार नाही. लोकांना वाटतं माणूस ओरडतो.

दुसऱ्या दिवशी चौकशीला सरकारी साहेब आले. शिडीवर काका चढले, त्यांनीच कपलिंग आणि एन्कोडर काढून खाली आणले. रेघ मधोमध तुटलेली, दोन्ही तुकडे एकमेकांपासून बोटभर सरकलेले. काकांनी एन्कोडरचा दांडा टॉर्चच्या उजेडात धरला आणि फार वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर उघडून उगाच पानं उलटत होतो.

साहेबांनी विचारलं, "ही रेघ कुणाची?"

"माह्यी."

"पेच आवळलेले तपासले होते?"

"रेघ मारली म्हंजे पाह्यलं," काका म्हणाले.

तेव्हा मला तोंड उघडता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी ते उघडलं नाही ते भीतीने, दुःखाने नाही. नोकरी लागून वर्ष झालेलं, घरी सोयरीक बघणं चालू. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, नीट एकामागून एक. भ्याडपणाला फार स्वच्छ विचार करता येतो.

काकांना काढून टाकलं. जाताना त्यांनी भंगारात जाणारा तो एन्कोडर आणि कपलिंग मागून घेतलं, फडक्यात बांधलं आणि फाटकापर्यंत चालत गेले. फाटकाला हात लावला. मला वाटलं, परत येतील. ते तसेच रस्त्याला लागले.

पुढे मी दुसरीकडे लागलो, बढती मिळाली, लग्न झालं, सिंदी मेघेत घर बांधलं. गॅसवर रेघ मारली. रोहण्याला मात्र गेलो नाही. या वर्षी जामच्या चौकात चहा पिताना जुन्या पाचांतला एक जण भेटला. म्हणाला, काकांना लकवा मारून गेला, चालतात फिरतात, पण डोकं ठिकाणावर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली.

काकांचं घर दोन खोल्यांचं, समोर ओटा. दाराच्या चौकटीवर छातीच्या उंचीला एक पांढरी रेघ. काकूंनी मला ओळखलं, नावानिशी. म्हणाल्या, "ती रेघ म्या मारली. मधातच इसरतात, घाबरतात. मंग त्यायचा हात धरून चौकटीले लावतो. घरी आलो म्हनतात, अन् शांत होतात."

काका खाटेवर बसले होते. खूप लहान झालेले. माझ्याकडे बघून हसले, पण ओळख नव्हती.

काकू चहा ठेवता ठेवता बोलत होत्या. सुखदेवच्या बायकोनं आठ वर्षांत या दाराकडे पाहिलं नाही. संक्रांतीच्या वाणाला काकू गेल्या की ती घरात निघून जाते. काका दर वर्षी त्या तारखेला तिच्या दारात जाऊन उभे राहत, ती दार लावून घेई. "यायनं आनलं न त्याले कामावर. मारलं बी यायनंच, म्हनते. हे बी तसंच म्हनत. माह्यी रेघ होती, म्हनत. मी काय बोलन?"

मी म्हणालो, "काका, मी प्रेसवर होतो. एन्कोडर मी बसवला होता."

त्या शब्दाबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मान ताठ झाली. डावा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, जिथे ब्रश असायचा.

"कसलं?" त्यांनी विचारलं.



"दोनी?"

पुन्हा "हो" म्हणता आलं असतं, त्यांना काय कळणार होतं!

"नाई, काका," मी म्हणालो. "एकच. दुसरा ढिला होता. मी खोटं बोललो."

 मग हात खिशावरून खाली आला. "मंग रेघ नाई माराची," ते म्हणाले, पहिल्या दिवशी शिकवलं होतं त्याच आवाजात.

काकू चहाची कपबशी हातात धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी ती खाली ठेवली, आत गेल्या आणि एक फडकं घेऊन आल्या. "हे काय हाय, यायनं मले कधी सांगलं नाई. रोज सोडून पाह्यत अन् बांधून ठेवत."

मी फडकं सोडलं. एन्कोडरच्या दांड्यावर एका बाजूला पेच चावल्याचा खोल खड्डा होता. दुसऱ्या पेचाच्या जागी दांडा नुसता गुळगुळीत, आरशासारखा. त्या दिवशी टॉर्चच्या उजेडात काकांनी हेच बघितलं होतं. मी काकूंना तो खड्डा दाखवला, तो गुळगुळीत भाग दाखवला आणि सगळं सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सुखदेवच्या मौतीले तुमी आल्ते. मंग आमच्या घरी आले. निळा शर्ट होता. इथंच बसले. बिनसाखरेचा चहा झाला होता घाईत, तुमी तसाच पेले. जाताना म्हनले, काका, तुमी मनाले लावून घेऊ नोका."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. पण त्या म्हणाल्या म्हणजे ते तसंच झालं असणार.

काकूंनी पदर डोक्यावर घेतला, पायात चप्पल सरकवली. "उठा. मले सांगून काय होते? तिले सांगा."

चार घरं. काका आमच्या मागोमाग दारापर्यंत आले आणि चौकटीच्या रेघेला हात लावून उभे राहिले. सुखदेवची बायको अंगणात तूर पाखडत होती. काकूंना बघून ती उठली आणि आत जायला वळली.

"थांब," काकू म्हणाल्या. "यायचं आयक. मंग लाव दार."

मी पहिल्यापासून सांगितलं. साखरपुड्याची रजा, बंद पडलेला एन्कोडर, झिजलेली चावी, खालची रांग, कसलं, दोनी. एन्कोडर तिच्या समोर धरला. ती सूप हातात घेऊन शेवटपर्यंत ऐकत होती. माझं झाल्यावर तिने एकच विचारलं.

"दुसरी चाबी आनून थो पेच कसाले किती वेळ लागला असता?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. सूप भिंतीला टेकवलं, दारातून बाजूला झाली आणि काकूंना म्हणाली, "आत ये."

दोघी आत गेल्या. मी फडक्यातला एन्कोडर धरून अंगणातच उभा राहिलो.